पगारी खेळाडू

अकोला, ता. ६ जानेवारी १९३५

चि. सहदेव यास शालिकरामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईचा खोकला उतरला. कोबी बरी आली. तू मात्र तीन वर्षं अमरावतीच्या क्लबात चेंडूच मारून राहिला. मंडईत भगवंतराव अडत्यानं पुसलं, तुमचा भाऊ काय करते? मी म्हटलं, पगार घेऊन सायबांसंग टेनिस खेळते. सारे हासले. माळ्याचा पोरगा, अन् मडमांचे चेंडू वेचते! आतातरी घरी ये. लोभ आहे, अक्कल आली तर वाढेल.

तुझा दादा, शालिकराम

अमरावती, ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास सहदेवचा शि. सा. नमस्कार.

मंडईतले हासले, इथले तर मले माणसातच धरत नाईत. यंदाच्या सामन्यांत नाव द्याले गेलो, तर सेक्रेटरी म्हणाले, पगारी माणसाले सभ्य लोकांत खेळता येत नाई. कप जिंकला चंद्रभान वकिलानं. त्याले रॅकेट धराले मीच शिकवलं! काल बड्या सायबापुढं आमा दोघांचा दिखाऊ सामना ठेवला. सेक्रेटरीनं कानात सांगितलं, हार, पण थोडक्यात हार.

दादा, पहिला चेंडू आला अन् हातानं आयकलंच नाई. वकील सहा-शून्य, सहा-शून्य हारला. टाळी एक नाई वाजली. आज सकाळी मले काढलं. रॅकेट क्लबाची, म्हणून ठेवून घेतली. तुमी म्हणाल, बरं झालं. म्हणा. रागावा, पण परकं करू नका.

आपला सहदेव

अकोला, ता. १८ फेब्रुवारी

चि. सहदेव यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी मंडईत मोठ्यानं वाचलं, दोनदा. भगवंतराव म्हणे, खेळापायी नोकरी घालवली, येडा आहे. मी म्हटलं, आहे येडा. पण तुमच्यासारखा सायबाचं तोंड पाहून वाकत तर नाई. त्यानं माझी कोबी घेतली नाई. गेला उडत. आईनं एवढंच पुसलं, पडला-झडला तर नाई?

खेळ मले अजूनही पटला नाई. मोठाले बाप्ये एका चेंडूमागं माकडावानी धावतात, त्यात काय आहे देव जाणे. पण नदीकडचे वांग्याचे वाफे मोडले, बैल फिरवून जागा सपाट केली. वांग्याले फुलं लागली होती, म्हणून तुझी वहिनी तीन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाई. तुझ्या खेळाची जाळी मासे धरणाऱ्या भोयाकडून विणून घेतो. मैदानाची लांबी-रुंदी उलट टपाली कळव. खुट्या ठोकताना थोडक्यात भागवाले मी काई तुझा सेक्रेटरी नाई.

शालिकराम