पाणी कसं आज?

बेडोक, सिंगापूर. मंगळवार, डिसेंबर.

आज आमच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात एकही गिऱ्हाईक नाही. पंधरा दिवस पाऊस, तलाव गढूळ. असल्या पाण्यात माशांना गळाला लावायच्या आमच्या पिसांच्या नकली माश्या दिसतच नाहीत, मग गळ टाकायला येणार कोण? नवरा, अजय, बोटीवर नोकरीला. त्याचा फोन रविवारी लागला तर लागला.

चहाच्या वेळी मात्र लिम अंकलचा फोन ठरलेला. जुनं गिऱ्हाईक. आधी मागे किटलीची शिट्टी, मग प्रश्न, "पाणी कसं आज?" मी म्हणते, "गढूळच, अंकल." मग त्यांचे गुडघे, त्यांची सून, मी काय जेवले... अर्धा तास सहज जातो.

आज वाटलं, म्हाताऱ्याला जरा खूश करावं. म्हटलं, "निवळलंय, अंकल! उद्या या." चक्क खोटं.

किटली तेवढी वाजत राहिली. मग अंकल त्यांच्या सिंगापुरी 'ला'सकट म्हणाले, "मग उद्या तुला गर्दी असणार ला. नाही त्रास देत." आणि ठेवलाच फोन.

त्यांना मासे कुठे धरायचे होते? आणि मला तरी कुठे पाण्याचं सांगायचं असतं?

मीच करावा का फोन? काय म्हणून?

खिडकीतून बघतेय. आज नेमकं उघडलंय. पड रे बाबा, रात्रभर पड. उद्या मला "गढूळच" म्हणता आलं पाहिजे.