दुलीचंदचं नाव मी सांगतलं

३ मार्च, सोमवार

पान पलटलं का तू मागचं विसरते, वहीबाई. आमचे हे असेच होते — चष्मा कपाळावर आन घरभर शोधत फिरत. म्हणून पुन्हा सांगतो. मी अनुसया. मले अक्षर येत नाही. मी बोलतो, नात श्रुतिका लिहिते. चुकलं त तिचं.

आज पोलीस समोरच्या दुलीचंदले घेऊन गेले. त्याचं मोटर बांधायचं दुकान आहे, जळलेल्या मोटरीत नवा तार भरून देते. शेतातल्या पंपाचे तार चोरी जाऊन राह्यले, आन त्याच्या दुकानात तांब्याचा तार सापडला म्हणे. आता मोटरवाल्याकडं तांबा नाही त का हळद सापडन?

मागून रजत आला, थो मोबाईलवर बातम्या दाखवते. "दादी, किसको ले गये?" मी म्हणलं, दुलीचंद, महागूचा पोरगा, निळ्या दरवाज्याचं घर. पदर बी नीट केला.

४ मार्च

मोबाईलात मी दिसून राह्यली. माझ्या बाजूले दुलीचंदचा फोटो. खाली 'तार चोर' लिहिलं आहे, श्रुतिका म्हणते. "पुढं प्रश्नाचं चिन्ह आहे, आजी. म्हणजे पक्कं नाही." मी पाह्यलं. विळ्यासारखं दिसते, बारीक. गल्लीत कोणाले दिसलं नाही थे.

७ मार्च

दुलीचंद घरी आला. नुसती विचारपूस झाली, पुन्हा बोलावतीन म्हणे. दुकान उघडलं, पण लोकं आपापल्या मोटरी उचलून घेऊन गेले — अर्ध्या बांधलेल्या सुद्धा. उन्हाळी धान पाणी मागून राह्यला, आन हे लोकं मोटर तिकडं वारासिवनीच्या बाजारात नेतात. त्याची बायको गीता रोज माझ्या ओट्यावर भाजी निवडे. चार दिवस झाले, आली नाही.

रजतले फोन लावला. दुलीचंद घरी आला हेही दाखव म्हणलं. "दादी, केस चालू है. कोर्ट बोलेगा तो दिखा देंगे." मंग तवा काहून थांबला नाही कोर्टासाठी? त म्हणते, "नाम तो आपने बताया."

खरं आहे. साठ वर्षं आमच्या ह्यायचं नाव मी तोंडातून काढलं नाही. राशनच्या लायनीत बी बाजूच्या बाईकडून सांगवलं. आन दुलीचंदचं बापासकट सांगून मोकळी झाली.

९ मार्च

डोकं चालत नाही. त्यानं खरंच चोरलं असन त? ज्याचा तार गेला त्याचा बी धान सुकून राह्यला. नावं झाकली त चोराची चांदी. सांगतली त हे असं. श्रुतिका म्हणते, आजी, एक काहीतरी ठरव. तूच ठरव ना, बारावी शिकली तू.

१० मार्च

गीताच्या दारापर्यंत गेली. परत आली.

११ मार्च

सकाळी पोलीस पियुषले घेऊन गेले. माझा नातू. दुलीचंदच्या मोबाईलात त्याचा नंबर सापडला म्हणे. काहून होता, मले माहीत नाही. रजत आला. मी आतच बसली. त्यानं समोर गीताले विचारलं, "भाभी, किसको ले गये?" मी खिडकीतून आयकून राह्यली. गीता म्हणे, "हमको नहीं मालूम." आन दार लावून घेतलं.

श्रुतिका, लिहिणं ठेव. आईले सांग, पोलीस थान्यात डब्बा पाठव. भात, तुरीची दाळ, वांग्याची भाजी. दोघांपुरतं पाठव म्हणा, तिथं बाजूले कोणी तरी बसलंच असते.