ब्राह्मीच्या नावाची पुडी

हैदराबाद, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८५२

चिरंजीव कचरूस थोरल्या भावाचा आशीर्वाद. मी खुशाल आहे, जेवण बराबर मिळतं. गाय व्याली का?

आईच्या विसराळूपणावर त्या फिरत्या वैद्याची ब्राह्मी चालू केली, ती शांत झाली, असं तू लिहितोस. त्याच पत्रात लिहितोस की तिचं तोंड सारखं कोरडं पडतं, उजेड सोसत न्हाई आन् ती भिंतीशी बोलते. ब्राह्मीनं असं होत नसतं. मी शाळेत गेलो न्हाई, पण वनस्पतींचं पुस्तक चारदा वाचलंय. मला ही लक्षणं धोतऱ्याची दिसतात.

वैद्य पुडी कुटूनच का देतो? अख्खी पानं माग. ब्राह्मीचं पान नखाएवढं, जाड, गुळगुळीत असतं. "माझ्यावर शक घेता का?" म्हणाला, तर मंग बिलकुल घेतो म्हणावं.

पुडी आजच बंद कर, पण फेकू नको. जल्दी गाडी जुंप आन् आईला पुडीसकट परतूरच्या दवाखान्यात ने.

परतल्यावर तिला विचार, थोरल्या लेकाचं नाव काय? ती सांगेल तेच लिही. आन् हे पत्र नेहमीसारखं तिच्यापुढं मोठ्यानं वाचू नको. खाली माझं नाव आहे.

तुझा दादा,
लिंबाजी