ओले सदरे

नगर, रविवार, १२ मे १९४६. संध्याकाळ.

मुंबईचा संघ आला. उद्या दुपारी फुटबॉलचा परतीचा सामना. स्टेशनवर उतरताच त्यांचा कप्तान म्हणाला, "हे ऊन आहे की भट्टी?"

मला मात्र त्यांच्या मैदानावरचा माझा ओला सदरा आठवला. नगरच्या सवयीने आम्ही सगळ्यांनी तिथल्या पहिल्या सामन्याआधी सदरे पाण्यात बुडवून घातले होते. इथे ते वाळता वाळता अंग गार करतात. तिथल्या दमट हवेत शेवटपर्यंत वाळलेच नाहीत. अंगाला चिकटले, ओझं झालं. ऊन इथल्यापेक्षा कमी, तरी धापा टाकत हरलो. लोक हसले ते वेगळंच.

सदरे भिजवायचं त्यांना सांगावं का? आमचा गोलकीपर शब्बीर उसळलाच. "लई दया आली का, कप्तान? तिथं त्यांनी सांगितलं हुतं का आपल्याला, सदरे सुके ठेवा म्हनून?"

नव्हतं सांगितलं. म्हणूनच मी सांगणार. उद्या हरले आणि म्हणाले, उन्हाने हरवलं, तर? मग जिंकण्यात आमचं काय राहिलं? नाही. मैदानाच्या कडेला पाण्याच्या दोन बादल्या ठेवायच्या. एक त्यांची. सदरे चांगले ओले करून उतरा म्हणावं, आणि मग हरा.