एकोणीस नंबर: रिकामी

२ तारीख, सोमवार
नोकरी लागली! ट्रकच्या डेपोत फाटकावरचा कारकून. सुटणाऱ्या प्रत्येक गाडीची चिठ्ठी लिहायची: भरलेली की रिकामी. साहेबांनी बजावलं, माल असला तर भरलेली, नसला तर रिकामी, डोकं चालवायचं नाही. ताई म्हणाली, मग हे काम तुझ्यासाठीच काढलेलं दिसतंय. आईमागे तिनेच मला वाढवलं, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं.

९ तारीख, सोमवार
चक्रीवादळ इकडेच वळलंय. शहर खाली करायचा हुकूम आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजू बाहेर जाण्यासाठी मोकळ्या केल्यात, तरी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतायत. अशा वाऱ्यात रिकामा ट्रक उलटतो, म्हणून पुलावर फक्त भरलेल्या सोडतात. रिकाम्या खालच्या सखल मैदानात उभ्या करतात.
बस मिळेना. ताईला आणि गल्लीतल्या बत्तीस जणांना मीच एकोणीस नंबरच्या ट्रकमध्ये बसवलं, मागचं दार बाहेरून लावलं. माल नव्हता. हाताच्या सवयीने चिठ्ठीवर लिहिलं: रिकामी.
दुपारी पुलावरून वायरलेस आला. ड्रायव्हर आत माणसं आहेत म्हणतोय, खरं काय? साहेब शेजारी उभे. मालाच्या गाडीत माणसं नेली तर डेपोचा परवाना जाईल, तासाभराने सगळ्यांनाच सोडतील, असं म्हणाले. मला लागून आठवडाच झालाय. मी म्हणालो, “रिकामी आहे.”

१२ तारीख, गुरुवार
मैदानातलं पाणी ओसरलं. तिथेच उभ्या केलेल्या एकोणीस नंबरच्या टपापर्यंत चिखल. कडी बाहेरून लावलेली, तशीच. आत कुणी नाही. एक चप्पलसुद्धा नाही. साहेब म्हणाले, “बघ, रिकामीच होती.” या माणसाला लाज कशी ती नाही. मला तरी कुठे होती?

१४ तारीख
वायरलेसवर ताई. चिठ्ठी बदल म्हणते. मी खोडून ‘भरलेली’ लिहितो. शाई वाळली की पुन्हा रिकामी. सात वेळा लिहिलं.

१६, दुपार
एकोणीस नंबर फाटकात उभी. ड्रायव्हर नाही. मागचं दार उघडं, आतून ताईचा आवाज— “चढ रे, आम्ही सगळे आहोत.”
जातो. पाय तरी धरू दे तिचे—

आत कुणीच नाही. दार लागलं. गाडी चाललीय— फटीतून येतो तेवढाच उजेड—
थांबली. पायाशी पाणी. पुढे केबिनमध्ये वायरलेस. पुलावरून विचारतायत, आत कोण आहे— साहेबांचाच आवाज— रिकामी म्हणतायत— अहो, मी आहे, आत मा—