अकरा दिवसांची गैरहजेरी

अप्पा,

दुपारची लाइट गेली आहे, मशीन बंद आहे, आणि सोमवारच्या आत मला एक गोष्ट तुमच्यापुढं मांडायची आहे. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण लिहायचं ते वहीत लिहीतच होते. उन्हाळ्यातल्या दर रविवारी, गावामागच्या आपल्या चुनखडीच्या माळावर, कोणतं फुलपाखरू दिसलं आणि किती. तुम्ही मास्तर, शाळेला सुटी लागली की रोज जायचात. मला रोज कुठलं जमतंय? ऐन लग्नसराईत लातूरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं रविवारची सकाळ मोकळी काढायची म्हणजे शनिवारी गिऱ्हाइकांची बोलणी खायची. 'ताई, लग्न माझ्या पोरीचं आहे, पाखरांचं न्हाई,' असं एक बाई तोंडावर म्हणाली. तरी पहिली एसटी धरून रेणापूर, तिथून ऑटोनं गाव, आणि मग ओढ्यापासून पाझर तलावापर्यंत चालत जायचं नि यायचं. गुडघे आता कुरकुर करायलेत. खरं सांगते, गेली चार-पाच वर्षं मी काही आनंदानं गेले नाही. बंद कसं करायचं हे कळत नव्हतं म्हणून जात राहिले.

लोकांना तेव्हाही हसूच यायचं. पारावरची माणसं म्हणायची, 'गुर्जी, पाखरं पावसुळ्यात असत्यात. ह्या फुफाट्यात काय ऊन मोजायलाव का?' तुम्ही पायातली चप्पल झटकत म्हणायचात, 'लई असत्यात तवा कुणीबी मोजंल. काईच न्हाई तवा कोण टिकून हाय, ते बघायचंय मला.' वही म्हणजे शाळेतलं उरलेलं हजेरीपुस्तक. डावीकडं पोरांच्या नावांच्या जागी तुम्ही ठेवलेली नावं: रुईवाला, हळदी, लिंबोणी, मोरडोळ्या, आणि बोरीवर बसणारी ती टिचभर राखी. वर तारखा. दिसलं की आकडा, नाही दिसलं की गैरहजेरीचा 'गै'. आणि ज्या दिवशी तुम्ही स्वतःच गेला नाहीत, त्या दिवसाच्या उभ्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच शब्द, 'सुटी'. आई म्हणायची, ह्या माणसाला घरातल्या माणसांची जेवढी खबर नाही तेवढी पाखरांची आहे. म्हणायची आणि तुमच्या पिशवीत भाकरी-ठेचा बांधून द्यायची.

'गै' आणि 'सुटी' यांतला फरक मला कसा कळला, ते तुम्हाला आठवत असेल. मी चौथीत होते. तुमच्या तळपायात काटा भरून पाय सुजला होता म्हणून तुम्ही मला एकटीला पाठवलंत. मी काही चालले नाही. ओढ्याकाठच्या लिंबाखाली बसून कैऱ्या खाल्ल्या, आणि उगं बरं दिसावं म्हणून आकडे भरले. रुईवाल्यापुढं सात लिहिले. घरी आल्यावर तुम्ही वही बघता, चष्मा वर करता, आणि अगदी हळू विचारता, 'काल काय होतं गं?' काल हनुमान जयंती होती. सगळ्या गावानं मारुतीच्या गळ्यात घालायला रुईची पानं ओरबाडून नेली होती, ओढ्याकाठी नुसते दांडके उभे होते. 'रुईला पान न्हाई, फूल न्हाई, आन् सात पाखरं बसली कशावर? तुझ्या डोस्क्यावर?' आई पदरात तोंड लपवून हसली. मला वाटलं, सुटले. पण तुम्ही तशाच लंगड्या पायानं उठलात आणि भर उन्हात मला घेऊन सगळा माळ चाललात. एक हळदी दिसली. बाकी सगळ्यांपुढं तुम्ही माझ्या हातानं 'गै' लिहून घेतलं. परत येताना म्हणालात, 'पोरांची गैरहजेरी मांडायची तर आधी मास्तरनं वर्गात यावं लागतंय. मास्तरच आला न्हाई, तर त्या दिवशी सुटी लिवायची. पोरांवर ढकलायचं न्हाई.' तुम्ही मारलं असतं तर मी विसरले असते. हे काही विसरता आलं नाही.

तरी मी पुन्हा तेच केलं. तुमचे जावई अर्धांगानं अंथरुणाला खिळले तो उन्हाळा. रविवार काय, मला वार कळत नव्हते. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, मध्येच एखादा ब्लाउज पुरा करायचा. वही कपाटात होती. जूनमध्ये एका दुपारी ती काढली आणि आदल्या वर्षीचे आकडे बघून एक वर, दोन खाली असं करत सगळा उन्हाळा घरात बसून भरला. 'सुटी' असं लिहायला हात धजला नाही. वाटलं, अप्पांच्या वहीत सबंध उन्हाळा सुटी? ते गेल्यावर पोरीनं एवढंही सांभाळलं नाही म्हणतील लोक. त्यानंतर वही उघडली की ते पान मी दोन बोटांनी उलटून टाकायचे, बघायचे नाही. हे सगळं मनात ठेवून सतरा वर्षं गेली.

यंदा माळाची गोष्ट निघाली. त्या गायरानावर सौर विजेच्या पाट्या बसणार आहेत. गावाला त्याचं काही वाईट वाटत नाही, पोरांना चार दिवस काम मिळेल. पण ओढ्याकाठचा पट्टा, जिथं रुई आणि बोरी आहेत, तेवढा तरी सोडा असं शेळ्या राखणारी माणसं म्हणायला लागली. त्यात आपला चुलत्याचा बाळूही आहे. त्यानंच कुठून तरी नांदेडच्या कॉलेजातल्या एका मॅडमचा पत्ता काढला. फुलपाखरांवर शिकलेली बाई. मागच्या आठवड्यात त्या दुकानात आल्या, कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि वही उघडून पानामागून पान उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, 'ताई, अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडं असं काही असेल असं वाटत नाही मला. एवढ्या वर्षांची, एका जागेची, उन्हाळ्याची नोंद!' तुमच्या नावांपुढं त्यांनी एकेक करून शास्त्रातली नावं लावून घेतली. राखीवर तर त्या इतक्या खूश झाल्या की त्यांचा चहा गार झाला. मला काय वाटलं म्हणून सांगू, अप्पा. माझी पाठ एकदम हलकी झाली. त्या भरात मी माझं खोटं कबूलही करून टाकलं. म्हणाले, हा एक उन्हाळा घरात बसून लिहिलाय, हा धरू नका. त्यांनी मान हलवली, पानावर काट मारली, म्हणाल्या, 'बरं झालं सांगितलं. बाकी तुमच्या वडिलांच्या नोंदी पक्क्या आहेत.' एवढंच. सतरा वर्षं मी कशाला भीत होते कुणास ठाऊक.

आणि मग पानं चाळता चाळता त्यांनी विचारलं, 'ह्या मे महिन्यात काय झालं होतं हो? सलग अकरा दिवस सगळ्यांपुढं गै, आणि मग त्या उन्हाळ्याची नोंदच थांबते. एकही पाखरू नाही, ना आधी असं झालंय ना नंतर.' मी वाकून तारखा बघितल्या. अप्पा, ते अकरा दिवस मला पाठ आहेत. माझी बारावीची परीक्षा झाली होती. आई लातूरच्या सरकारी दवाखान्यात होती, आणि तुम्ही नि मी बाहेरच्या बाकड्यावर. तुम्ही त्या बाकड्यावरून हलला नव्हतात. मी चहा आणायची तो तुम्ही हातात धरून ठेवायचात. 'अप्पा, जरा गावाकडं जाऊन या, आंघोळ तरी करा,' म्हटलं की, 'हाव, जातो,' म्हणायचात आणि तिथंच बसायचात. समोरच्या भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या होत्या, त्यांच्याकडं बघत. बाराव्या दिवशी आपण आईला गावात माती दिली. आणि वहीत अकराही रकाने एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे, वरून खालपर्यंत गै, गै, गै. सुटी नाही. मास्तर वर्गात गेला नव्हता आणि पोरांची गैरहजेरी मांडून मोकळा झाला होता.

मला आधी राग आला. लई राग आला. चौथीतल्या पोरीला भर उन्हात फिरवणारा माणूस हाच का, असं वाटलं. मग त्या रागाखालून भलतंच काही वर आलं आणि मला मॅडमपुढं रडू फुटेल की काय असं झालं. तुम्ही काय विचार करून ते लिहिलंत, मला कळत नाही. तुम्हालाही 'सुटी' लिहवलं नसेल. बायको मरतेय तिथं सुटी हा शब्द कुणाला लिहवेल? की त्या दिवसांत जगात काही उरलंच नाही असं तुम्हाला खरंच वाटत होतं? तुम्ही आईविषयी नंतर कधी बोलला नाहीत. मीही विचारलं नाही, मला वाटायचं तुम्ही पाखरांत रमलात.

मॅडम वाट बघत होत्या. मी म्हणाले, 'त्या वर्षी माळ जळाला होता.' कसं तोंडातून आलं ते आलं. माझं खोटं मी उघडं केलं आणि तुमचं झाकलं. मॅडमनी पेन्सिलीनं पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, वणवा. आणि त्यांचा चेहरा उजळला. पुढच्या उन्हाळ्याचं पान काढून म्हणाल्या, 'म्हणजे आगीनंतर एका वर्षात सगळी परत आली, बघा! ओढ्याकाठच्या झाडीमुळंच ती वाचली असणार. ताई, याहून पक्का पुरावा काय पाहिजे? सोमवारी ग्रामसभेत हे तुम्हीच सांगा. गाव तुमच्या वडिलांना मानतं.' मी हो म्हणाले. चहाचे कप विसळायच्या निमित्तानं आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

काल बाळूचा फोन. मॅडमनी त्याला वणव्याचं सांगितलं होतं. 'आक्का, माळ कवा जळाला गं? मला तर काय आठवंना.' मी म्हटलं, जळाला नव्हता. सगळं सांगितलं.  तो म्हणाला, 'जाऊ दे की. त्या टायमाची दोन म्हातारी राहिलीत, एकाला ऐकू येत न्हाई. तू ठासून बोल. गुर्जीच्या वहीवर कोण बोट ठिवणार हाय? आन् तू जर म्हणलीस की गुर्जीनं अकरा दिस खोटं लिवलं, तर पाटीवाले म्हणतेल समदी वहीच खोटी. गेला मग पट्टा.' तो काही चुकीचं बोलत नाही. शेळ्यांना दुसरीकडं चारा नाही, आणि राखीला तर बोरीवाचून थाराच नाही. एका शब्दानं पट्टा वाचतोय आणि तुमचं नावही राहतंय. रात गई बात गई म्हणून सोडून द्यावं, असं मलाही काल दिवसभर वाटत होतं.

पण मला ते जमणार नाही, अप्पा. सोमवारी मी उभी राहणार आहे आणि सांगणार आहे की माळ जळाला नव्हता, आमची आई वारली होती. पुढं ज्याला जे म्हणायचंय ते म्हणू दे. कुणीतरी हसेल. कुणी म्हणेल, गुर्जीबी तसलेच. मॅडमचं तोंड उतरेल. पट्टा राहील की जाईल, मला सांगता येत नाही. राहिलेल्या वर्षांच्या नोंदी खऱ्या आहेत, तेवढ्यावर भांडता येईल तेवढं भांडू. वही मी त्याच दिवशी मॅडमच्या हाती देऊन टाकणार आहे. हा कागद मात्र तिच्यात ठेवणार नाही. घडी करून तरी कुठं पाठवणार?

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, शाब्बास, खरं बोललीस. सकाळी फोनवर कळवलं तेव्हा बाळूची बायकोसुद्धा तेच म्हणाली, लेक बापाच्या वळणावर गेली म्हणून. तसं काही नाही हो. तुमच्यापाशी लपवून काय करू. आधीच माझं एक खोटं सतरा वर्षं वागवलं. आता तुमचंही वागवायला अंगात जीव राहिला नाही, एवढंच आहे.