सासऱ्यांच्या गाडीचं तोंड

विंडसर, गुरुवार, १३ ऑक्टोबर १९६०

आदरणीय अडेलारकाका यांस,

पुतण्या ओव्हिलाचा सादर नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? काकूंचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल. म्हणजे तुमची सूनबाई जर्मेन खुशाल आहे (दिवस भरत आलेत), सासरे पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात खुशाल आहेत, आणि माझं काय ते पुढे वाचा.

सासऱ्यांची फ्रोंटेनॅक तुम्हाला ठाऊक आहेच (तुमचीही तीच, फक्त निळी). नदीपलीकडे अमेरिकेत हीच गाडी फाल्कन म्हणून मिळते. अंग तेच, दारं तीच, पण तोंड साधं. आपल्या गाडीच्या पुढच्या जाळीत मधोमध मेपलचं लाल पान, आपल्या देशाची खूण. त्या पानापायीच सासऱ्यांनी ती घेतली, आणि रोज सकाळी ते पान दाढीच्या ब्रशनं घासतात. इस्पितळात जाताना मला म्हणाले, "रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेव. चाकं हलता कामा नयेत."

सोमवारी चाकं हलली. पूल ओलांडून पार डेट्रॉइटपर्यंत हलली. तिथे रस्त्यापलीकडे एक फाल्कन उभी होती. आपली किती देखणी, हे ताडून बघायला मी मान वळवली, आणि फुटपाथवरचा बंबवाल्यांचा नळ मला दिसलाच नाही. दिवे वाचले. जाळीचे दोन तुकडे झाले, पान निखळून गटाराच्या काठाशी पडलं. जवळच्या गॅरेजवाल्यानं मोडीतल्या फाल्कनची जाळी काढून तासाभरात बसवून दिली. "सख्ख्या बहिणी आहेत," म्हणाला, "कुणाला कळणार?"

पुलाच्या आपल्या टोकाला कस्टमच्या अधिकाऱ्याला कळलं. त्यानं कागद बघितले, गाडीचं तोंड बघितलं, पुन्हा कागद. "कागदावर फ्रोंटेनॅक, समोर फाल्कन. नेलेली गाडी कुठं विकलीस?" मागं भोंग्यांचा नुसता कल्लोळ. मी डिकीतले तुकडे दाखवले. "हे कुणाचेही असतील," म्हणाला, आणि बॉनेट उघडून नंबराचा एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागला. काका, मूल जन्माला येणार आणि बाप कोठडीत, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. शेवटचा आकडा जुळला तेव्हा त्यानं बॉनेट लावलं.

"गाडी कुणाची?"

"सासऱ्यांची."

"त्यांना माहितीये?"

मी तुकडे डिकीत परत ठेवू लागलो. त्यानं कागद परत दिले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे माणसासारखं बघितलं. "जा बाबा. तुझी खरी तपासणी घरी व्हायचीय."

काकूंना नमस्कार सांगावा.

तुमचा लाडका (असलो तर),
ओव्हिला

ता.क. सासरे शनिवारी घरी येतात. तुम्ही बर्फाच्या धास्तीनं ऑक्टोबरातच गाडी कोठारात ठेवता ना? तिची जाळी काढून पत्र मिळताच पहिल्या रेल्वेनं पाठवाल का?

आणखी ता.क. जाळी पाठवू नका. पाकीट चिकटवणार, एवढ्यात सासरे टॅक्सीतून उतरले, दोन दिवस आधीच! काठी टेकत थेट गाडीपुढे गेले, जाळीवरून हात फिरवला. "पान?"

मी म्हटलं, चोरानं नेलं.

"आणि जाता जाता नवी जाळी बसवून गेला? फारच भला माणूस!"

मग मी हे पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "राहू दे हेच तोंड. रोज कामावर जाताना तुला दिसलं पाहिजे."

तुटकं पान आता जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटासमोर आहे, आणि सासरे माझ्याशी अतिशय गोड बोलताहेत. काका, चार दिवस तुमच्याकडे राहायला येऊ का? बसनं येईन.